नकाशा बदलला कीं घर बदललें

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील म्हणत आले. त्या म्हणींतील गृहस्थ स्वतः घर बांधीत असे. विटा, चुना, सागवान आणि गवंडी ह्यांच्याशीं त्याचा रोजचा संबंध येई, आणि भिंत हातभर सरकली तर ती त्याच्या देखतच सरके. आजचा गृहस्थ घर बांधीत नाहीं; दुसऱ्यानें अद्याप न बांधलेलें घर तो विकत घेतो. जेथें आज पत्र्याचें कुंपण आणि खोदलेला खड्डा आहे, तेथील नवव्या मजल्यावरची मोकळी हवा तो जन्मभराच्या शिलकेनें विकत घेतो. ह्या व्यवहारास नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. शहरांत मध्यम स्थितीच्या कुटुंबास तयार घर बहुधा परवडत नाहीं, आणि बांधकाम चालू असतां घेतलेल्या घराचे पैसे हप्त्याहप्त्यानें देतां येतात, हें उघड आहे. परंतु जी वस्तु अद्याप अस्तित्वांतच नाहीं, ती विकत घेतांना आपल्या हातीं नक्की काय येतें, ह्याचा विचार फार थोड्या घरांत होतो. हातीं येतो तो नकाशा. घर उभें राहीपर्यंत नकाशा हेंच घर होय. आणि म्हणून नकाशा बदलला कीं घर बदललें, एवढेंच आम्हांस ह्या वेळीं सांगावयाचें आहे.

ह्या विषयास निमित्त झालें तें एका वाचकांचें पत्र. तिघे बंधु, त्यांचीं कुटुंबें आणि मातोश्री, असें हें एकत्र घर. वाईकडील वडिलोपार्जित वाडा विकून आलेल्या पैशांत बँकेच्या कर्जाची भर घालून त्यांनीं पुण्याच्या एका उपनगरांत शेजारशेजारच्या दोन सदनिका नोंदविल्या. थोरल्या बंधूंनींच दोन्हींची नोंदणी कुटुंबांतील माणसांच्या नांवें केली. करारास जोडलेल्या नकाशांत अकरा मजल्यांच्या दोन विंगा आणि पूर्वेस बाग होती. आतां स्लॅब सातव्या मजल्यापर्यंत आल्यावर बिल्डरचें पत्र आलें आहे कीं, बागेच्या जागीं तिसरी विंग होईल, मजले सतरा होतील, बाग पोडियमवर जाईल. सोबतच्या संमतिपत्रावर आठ दिवसांत सह्या करून द्याव्या, न दिल्यास संमति आहे असें गृहीत धरलें जाईल. थोरले बंधु म्हणतात, "सही करून टाकूं, ज्याच्या हातांत आपलें घर आहे त्याच्याशीं वैर कशाला?" मधल्यांस बँकेच्या हप्त्याची व घरभाड्याची काळजी आहे, दोन्ही एकदम किती दिवस भरावयाचीं, असें ते विचारतात. धाकटे म्हणतात, "दादांनीं सही केली तर मी त्या घरांत पाऊल ठेवणार नाहीं." ज्यांच्यासाठीं पूर्वेची खोली मुद्दाम निवडली त्या मातोश्री कांहींच बोलत नाहींत. पत्रलेखक मधले बंधु आहेत. ते आम्हांस कायदा विचारतात. परंतु त्यांचें खरें दुखणें कायद्याचें नसून घर होण्यापूर्वींच घर फुटण्याचें आहे, हें त्यांच्या पत्राच्या ओळीओळींतून दिसतें.

प्रथम नकाशे बदलतात कां तें पाहूं. जमिनीच्या एका तुकड्यावर किती बांधकाम करावें, ह्यास सरकारची मर्यादा असते. तिला चटईक्षेत्र निर्देशांक, अथवा रोजच्या बोलण्यांत एफ.एस.आय. म्हणतात. ही मर्यादा कायमची नव्हे. मुंबईंत १९९१ च्या नियमावलीनें टी.डी.आर. म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर नेण्याची सोय आणली. मुंबईची पुढची नियमावली २०१८ मध्यें आली, आणि मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागासाठीं डिसेंबर २०२० मध्यें एकत्रित नियमावली मंजूर झाली. अशा प्रत्येक फेरफारानें त्याच जमिनीवर अधिक मजले चढविण्याची वाट मोकळी होऊं शकते. जमीन एकदांच विकत घ्यावयाची आणि मजले मात्र वाढतां वाढतां वाढवावयाचे, हा मोह कोणत्याही व्यापाऱ्यास होणारच. कधीं कारण निर्दोषही असतें. अग्निशमनाच्या नियमासाठीं जिना हलवावा लागतो, अथवा जमिनीखालीं अनपेक्षित खडक लागून वाहनतळाची आंखणी बदलावी लागते. सारांश, बदल म्हटला कीं तो कपटच, असें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, बदलाचा लाभ कोणास, भार कोणावर, आणि त्यास विचारलें कोणास.

विचारलेंच पाहिजे, असें कायदा म्हणतो. आणि तें आजच म्हणत नाहीं. महाराष्ट्रांत १९६३ साली सदनिकांच्या मालकीविषयीं जो अधिनियम झाला, त्यांतील सातव्या कलमानें नकाशे एकदां दाखविल्यानंतर सदनिका घेणारांच्या संमतीवांचून त्यांत फेरफार करण्यास बंदी केली. इमारतीच्या रचनेंत भर घालावयाची तर त्या इमारतींतील सर्व खरेदीदारांची संमति हवी, असा तो दंडक होता. पुढें केंद्राचा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा आला. सर्वतोमुखीं त्याचें नांव रेरा. त्याचीं उरलेलीं कलमें १ मे २०१७ पासून अमलांत आलीं. ह्या अधिनियमाच्या चौदाव्या कलमांत दोन भेद केले आहेत, आणि ते प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत.

पहिला भेद स्वतःच्या सदनिकेविषयीं. तुमच्या सदनिकेचा मंजूर नकाशा, तिचें साहित्य, तिच्यांतील सोयी ह्यांत तुमच्या पूर्वसंमतीवांचून फेरफार करतां येत नाहीं. येथें बहुमत चालत नाहीं; शेजारच्या शंभर जणांनीं होकार दिला तरी तुमची भिंत तुमच्याच होकारानें हलते. किरकोळ बदलांस मात्र सवलत आहे. तो बदल तुम्हीं स्वतः मागितलेला असावा, अथवा वास्तुविशारदानें वा अभियंत्यानें तपासून सुचविलेला व तुम्हांस रीतसर कळविलेला असावा. क्षेत्र वाढविणें किंवा इमारतीची उंची बदलणें ह्यांस कायदा किरकोळ मानीत नाहीं. दुसरा भेद संपूर्ण इमारत, तिची आंखणी आणि सामाईक जागा ह्यांविषयीं. तेथें बिल्डर सोडून उरलेल्या खरेदीदारांपैकीं निदान दोनतृतीयांश जणांची पूर्व आणि लेखी संमति लागते. जुन्या कायद्यांतील 'सर्व' ह्या शब्दाच्या जागीं 'दोनतृतीयांश' आले, हें खरेदीदाराचें कांहींसें नुकसानच होय. परंतु 'पूर्व' आणि 'लेखी' हे दोन शब्द त्याच्या बाजूचे आहेत. उत्तर न देणें म्हणजे संमति, असें ह्या कलमांत कोठेंही नाहीं. तेव्हां आठ दिवसांच्या मुदतीनें मौनाचा होकार होत नाहीं, हें आमच्या पत्रलेखकांनीं निःशंक समजावें.

क्षेत्रफळाविषयीं एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रांतील नमुना-करारांत चटईक्षेत्रांतील फरकास तीन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. सातशें चौरस फुटांवर हा फरक एकवीस फुटांचा होतो. इमारत पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर मोजणींत क्षेत्र कमी भरलें तर जादा घेतलेली रक्कम ४५ दिवसांच्या आंत व्याजासह परत करावी, आणि अधिक भरलें तर करारांतील दरानेंच पैसे मागावे, असा तो नियम आहे. मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघर मोजण्यांत कमीपणा मानूं नये.

आतां ज्या गोष्टींत पुष्कळ सुशिक्षित माणसें ठकतात ती सांगतों. करारपत्र सत्तर-ऐंशीं पानांचें असतें, आणि त्यांत कोठेंतरी एक वाक्य असतें कीं, पुढें बिल्डर जे जे बदल करील त्या सर्वांस खरेदीदाराची आतांच संमति आहे. संमति ह्या शब्दाकडे क्षणभर पहा. सम् आणि मति. दोघांची बुद्धि एका विषयावर एक होणें ती संमति. ज्या बदलाचा नकाशा अद्याप काढलेलाच नाहीं, त्या विषयावर कोणाचीच बुद्धि गेलेली नसते. मग ती एक होणार कशी? ज्यास विषय नाहीं अशी संमति म्हणजे कोऱ्या कागदावरील सही. हें केवळ व्याकरणशाळेंतील शब्दच्छल आहे असें कोणी समजूं नये. मुंबईंतील एका गृहनिर्माण संस्थेचा असाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या न्यायालयानें २००७ मध्यें तो पुनर्विचारार्थ उच्च न्यायालयाकडे पाठविला, आणि मुंबई उच्च न्यायालयानें २०१० मध्यें असा निर्णय दिला कीं, १९६३ च्या कायद्यास अभिप्रेत असलेली संमति ही बदलाची पूर्ण माहिती दिल्यानंतर, विशिष्ट बदलासाठीं घेतलेली असली पाहिजे. कराराच्या वेळीं घेतलेली सरसकट संमति पुरेशी नव्हे. तथापि न्यायालयांत जिंकण्याजोगें वाक्य आणि मुळांतच करारांत न येऊं दिलेलें वाक्य ह्यांत पुष्कळ वर्षांचें अंतर असतें. म्हणून सही करण्यापूर्वींच तें वाक्य शोधून काढावें आणि गाळून घ्यावें.

नकाशा बदलण्याची गोष्ट कोठवर जाऊं शकते, ह्याचें आपल्या देशांतील सर्वांत मोठें उदाहरण दिल्लीजवळील नोएडा येथील एमराल्ड कोर्ट वसाहतीचें. प्रथम मंजूर झालेल्या आराखड्यांत दहा-अकरा मजल्यांच्या इमारती आणि त्यांस लागून बाग होती. लोकांनीं त्या पाहून घरें घेतलीं. २००९ मध्यें दोन नव्या मनोऱ्यांस मंजुरी मिळाली, आणि २०१२ मध्यें त्यांची उंची चाळीस मजल्यांपर्यंत नेण्याची परवानगी झाली. राहणाऱ्यांनीं मंजूर नकाशा पाहावयास मागितला. ज्या प्राधिकरणानें तो द्यावयाचा, त्यानें उलट बिल्डरलाच विचारलें कीं, दाखवूं काय. आणि बिल्डरनें अर्थातच नकार दिला. तेव्हां रहिवाशांची संघटना अलाहाबाद उच्च न्यायालयांत गेली. २०१४ मध्यें मनोरे पाडण्याचा हुकूम झाला, आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. इमारतींमधील अंतर नियमापेक्षां कमी होतें, बाग नाहींशी झाली होती, आणि सामाईक जागेंतील प्रत्येक घरमालकाचा अविभक्त हिस्सा त्याच्या संमतीवांचून घटविला होता, अशीं त्यांतील मुख्य कारणें होतीं. मनोऱ्यांत ज्यांनीं घरें नोंदविलीं होतीं त्यांचे पैसे बारा टक्के व्याजानें परत करण्याचा आणि रहिवाशांच्या संघटनेस दोन कोटी रुपये देण्याचा हुकूम झाला. २८ ऑगस्ट २०२२ रोजीं सुमारें शंभर मीटर उंचीचे ते दोन्ही मनोरे सुरुंगांनीं कांहीं सेकंदांत जमीनदोस्त झाले.

अविभक्त हिस्सा हा शब्द आपल्या घरांस नवा नाहीं. वाड्याचें अंगण, विहीर आणि देवघर ह्यांत प्रत्येक भावाचा जसा न मोजलेला परंतु खरा वांटा असतो, तसाच इमारतीच्या जमिनींत, जिन्यांत आणि बागेंत प्रत्येक खरेदीदाराचा असतो. शंभर घरांच्या जागीं दीडशें घरें झालीं, तर तुमच्या खोल्या तेवढ्याच राहूनही तुमचा वांटा कमी होतो. लिफ्टसाठीं उभें राहणें, पाण्याची वेळ आणि वाहनाची जागा ह्यांतून तो रोज कमी झालेला दिसतो.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मुंबईंत वरळी येथील कॅम्पा कोला आवारांत पांच मजल्यांची परवानगी असतां १९८० नंतरच्या दशकांत अधिक मजले उठले, आणि ते २०१३ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत बेकायदा ठरले. तेथें वरच्या मजल्यांवर वर्षानुवर्षें नांदणाऱ्या कुटुंबांचींच घरें संकटांत आलीं. म्हणजे नकाशा न पाहणारा केवळ बाग गमावतो असें नव्हे. प्रसंगीं तो छप्परही गमावतो. आपल्या मजल्यास मंजुरी आहे काय, हा प्रश्न घराचा भाव विचारण्याच्या आधींचा आहे.

आतां पत्रलेखकांस आमचें उत्तर. त्यांच्या दादांचें भय आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. पैसे अडकलेल्या माणसाचें तें स्वाभाविक भय आहे. परंतु करारांतील अटींवांचून बिल्डरला नोंदणी रद्द करतां येत नाहीं, आणि त्यानें एकतर्फी रद्द केली तर नियामक प्राधिकरणाकडे दाद मागतां येते, हें अकराव्या कलमांत आहे. तेव्हां नम्रपणें नकार देणें अथवा अधिक माहिती मागणें हें वैर नव्हे. धाकट्या बंधूंसही आम्ही सांगूं कीं, विचार न करतां दिलेला नकार हा विचार न करतां दिलेल्या होकाराचाच भाऊ आहे. तिसरी विंग होऊन बांधकामास पैसा मिळाला आणि घर वेळेवर हातीं आलें, तर तो लाभ आहे कीं नाहीं, हेंही मोजलें पाहिजे.

म्हणून मुदतीच्या आंत लेखी उत्तर द्यावें. त्यांत मंजूर नकाशा आणि प्रस्तावित नकाशा, दोन्ही मागावे. नकाशे मिळण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमानें खरेदीदारास दिला आहे. नव्या विंगेचें आपल्या खिडकीपासून अंतर किती, लिफ्ट किती, पाणी कोठून, जमिनीवरची मोकळी जागा किती उरते, आणि ताबा कोणत्या तारखेस, हे प्रश्न अंकांनीं विचारावे आणि अंकांनींच उत्तर घ्यावें. ताब्याची तारीख पुढें जात असेल, तर होणाऱ्या विलंबाचें व्याज मिळण्याचा, अथवा व्यवहार सोडून पैसे व्याजासह परत मागण्याचा हक्क अठराव्या कलमांत आहे. संमतिपत्राच्या भाषेंत तो हक्क नकळत सोडून दिलेला नाहीं ना, हें वकिलास दाखवून घ्यावें. शिवाय इतर खरेदीदारांस गांठावें. आंखणी बदलण्यास दोनतृतीयांश होकार मिळाले, तर एका घराच्या नकारानें ती थांबणार नाहीं. म्हणून एकट्यानें रागावण्यापेक्षां दहा जणांनीं एकत्र प्रश्न विचारणें अधिक उपयोगाचें. निम्म्याहून अधिक नोंदणी झाल्यावर तीन महिन्यांत खरेदीदारांची संस्था स्थापन करून देणें हें तर बिल्डरचेंच कर्तव्य आहे.

आणि एक गोष्ट त्या तिन्ही बंधूंनीं एकत्र बसून वाचावी. चौदाव्या कलमाच्या स्पष्टीकरणांत म्हटलें आहे कीं, एकानें कुटुंबाच्या नांवें कितीही सदनिका नोंदविल्या, तरी संमतीच्या मोजणींत तो एकच खरेदीदार होय. म्हणजे त्यांच्या दोन सदनिका आणि तिघे बंधु असले तरी मत एकच. कायद्यानें त्यांचें घर एक मानलें आहे. तें त्यांनींही मानावें. दादांनीं एकट्यानें सही करणें जितकें अयोग्य, तितकेंच धाकट्यांनीं घर सोडण्याची भाषा करणेंही अयोग्य. मातोश्रींस मात्र आधीं विचारावें, आणि खरोखर विचारावें. कारण त्या खोलींत दिवस काढावयाचे आहेत ते त्यांस.

ज्यांनीं अद्याप कांहींच घेतलेलें नाहीं, त्यांचें काम अधिक सोपें आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचें पान असतें. तें उघडून मंजूर मजले किती आणि प्रस्तावित मजले किती, हें वेगवेगळें पाहावें. प्रस्तावित ह्या शब्दांतच पुढच्या बदलाची सूचना असते. नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम कोणास देऊं नये. तशी घेण्यास तेराव्या कलमानें मनाई आहे. जाहिरातीचा रंगीत कागद आणि नमुना-सदनिकेचीं छायाचित्रें जपून ठेवावीं. त्यांतील खोट्या मजकुरावर विसंबून नुकसान झालें तर भरपाई, आणि व्यवहार सोडावयाचा असेल तर सर्व रक्कम व्याजासह परत, असें बारावें कलम सांगतें. ज्या कागदावर बाग रंगविली, तो कागदच पुढें बागेचा साक्षीदार होतो.

शेवटीं घरांतील वडील मंडळींस एक विनंति. आपल्याकडे पोथी मोठ्यानें वाचण्याची चाल होती. एक वाची, बाकीचे ऐकत, आणि न कळलेला शब्द कोणीतरी विचारीच. करारपत्राचेंही तसेंच करावें. दोन-तीन संध्याकाळीं तें जेवणानंतर सर्वांसमक्ष वाचावें; सुनांनीं आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुलांनींही ऐकावें, आणि जेथें कोणासही अर्थ लागणार नाहीं तेथें खूण करून ठेवावी. त्या खुणांचा उलगडा होईपर्यंत सही करूं नये. ऐंशीं पानें वाचावयास तीन संध्याकाळी लागतात, आणि त्या घराचें कर्ज फेडावयास वीस वर्षें.